‘रेटपेयर’ आणि पळसदरीचा खातेदार

‘रेटपेयर’ हा इंग्रजी शब्द केवळ कर देणाऱ्याचा वाचक नव्हे. स्थानिक कर भरून स्थानिक कारभारात मत बाळगणारा, असा त्याचा अर्थ. मुंबईत १८७२ च्या कायद्याने महापालिकेच्या ६४ सभासदांपैकी ३२ निवडण्याचा हक्क अशा करदात्यांस मिळाला. पळसदरीच्या घाटपायथ्याला मात्र १८६९ च्या लोकल फंड कायद्यान्वये शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा उपकर भरणारा शेतकरी सरकारदप्तरी ‘खातेदार’च राहिला. रस्ते व शाळा यांकरिता तो पैसा देई. प्रतिनिधी निवडण्याचा हक्क त्यास नव्हता. १८८४ च्या कायद्याने लोकल बोर्डांत निवडणूक आली, तीही मर्यादित. पुढे प्रौढ मतदानाने कर व मत यांची गाठ सुटली. म्हणूनच ‘करदाता’ या प्रतिशब्दात ओझे उतरले, हक्क उतरला नाही.