मांगलीच्या दगडातलं डोकं

मासा साफ करताना त्याच्या कुशीकडे कधी नीट पाहिलंत का? कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ जाते. पाणी जरा हललं, की माशाला ते या रेघेनं कळतं. ही रेघ ध्यानात ठेवा, कारण आजची गोष्ट तिच्यावरच उभी आहे.

नागपूरच्या दक्षिणेला मांगली नावाचं गाव आहे. तिथल्या तांबूस दगडात एका प्राण्याची कवटी सापडली. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या नागपूरच्या दोन मिशनऱ्यांनी ती लंडनला पाठवली. नागपुरातलं हिस्लॉप कॉलेज ते याच हिस्लॉपच्या नावाचं. ‘डायनासोर’ हा शब्द घडवणारे रिचर्ड ओवेन यांनी कवटी तपासली आणि 1855 साली तिचं वर्णन छापून आलं. नाव ठेवलं ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स, म्हणजे आखूड चेहऱ्याचा, रुंद डोक्याचा.

हा प्राणी सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचा. बेडकासारख्या उभयचरांशी नातं सांगणाऱ्या, आता नामशेष झालेल्या एका मोठ्या गटातला. या गटाला टेम्नोस्पॉन्डिल म्हणतात. त्यांचा एकेक मणका अखंड नसून तुकड्यातुकड्यांचा असे, त्यावरून हे नाव पडलं.

नुसत्या डोक्यावरून प्राणी कसा ओळखला? कवटी परातीसारखी पसरट, डोळे पुढच्या बाजूला. अशा प्राण्यांच्या कवटीवर पन्हळीसारख्या खाचा असतात. माशाच्या रेघेचं जे काम, तेच या खाचांचं. म्हणजे मोठा झाल्यावरही तो पाण्यातच राहत होता. या गटातल्या प्राण्यांचा दात आडवा कापला, तर आत चिरलेल्या कोबीसारख्या वळ्या दिसतात.

पुढे या प्राण्याच्या नावावरून एका अख्ख्या कुळाला ब्रॅकिऑपिड असं नाव मिळालं. या कुळातले प्राणी दक्षिण आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियातही सापडले. त्या काळी हे सगळे भूभाग भारताला जोडलेले होते.

आपल्या नगरच्या काळ्या दगडात मात्र हा प्राणी मिळायचा नाही. ज्या दगडाचे आपले पाटे आणि जाती घडतात, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. मांगलीचा दगड त्याच्या जवळजवळ चौपट जुना.

म्हणून आपल्याकडे काहीच नाही, असं समजू नका. आपल्या जिल्ह्याच्या कडेनं वाहणाऱ्या गोदावरीच्या खोऱ्यात, वाळू-गोट्यांच्या जुन्या थरांत, हत्तींची दगड झालेली हाडं मिळाली आहेत. ती मांगलीच्या मानानं अगदी अलीकडची, पण मोलाची.

विहीर खणताना, बांध घालताना हाडासारखा दगड दिसला तर फोडू नका, घासून धुऊ नका, जागेवरून हलवू नका. शेजारी एक नाणं ठेवून मोबाइलवर फोटो काढा, जागा लिहून ठेवा. मग ग्रामपंचायतीला आणि जवळच्या कॉलेजातल्या भूगोल किंवा भूगर्भशास्त्राच्या शिक्षकांना कळवा. दगड कुठल्या थरात होता, यावरूनच त्याचं वय ठरतं. उचलून घरी आणला, की ती खूण गेली.

मांगलीची कवटी कुणी पायरीच्या दगडात फोडून टाकली असती, तर त्या कुळाला आज मांगलीच्या प्राण्याचं नाव नसतं. खणताना, दगड वेचताना सगळ्यात आधी आपलाच हात पोहोचतो. तेव्हा जरा थांबून बघा.