प्रिन्सेपची डावखुरी गोगलगाय

मंडळी, सोलापुरात विहीर खणताना काय काय लागतं हे तुम्हाला मी सांगायला नको. वर काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. हा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा, हेही आपण शाळेत शिकलोय. पण हा लाव्हा एका दमात आलेला नाही. एक थर आला, निवला, त्यावर पाणी साचून तळी झाली, झाडोरा वाढला. मग पुढचा थर आला आणि तळ्यातला गाळ दोन थरांच्या मध्ये गाडला गेला. या मधल्या गाळात गोगलगायींचे शंख सापडतात. पठाराच्या कडेकडेला हे थर जास्त दिसतात. तिकडे नागपूर आणि इकडे आपल्या शेजारी, कर्नाटकात, गुरमिटकल.

त्यांतल्या एका गोगलगायीचं नाव फायसा प्रिन्सेपी. १८३०च्या दशकात जॉन माल्कमसन नावाचा कंपनी सरकारच्या मद्रास फौजेतला डॉक्टर हैदराबाद आणि नागपूरच्या दरम्यान फिरत असताना असे जीवाश्म गोळा करत होता. त्याचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने १८४० साली छापला, आणि त्यातल्या शंखांचं वर्णन जेम्स सोवर्बी याने केलं. नाव दिलं जेम्स प्रिन्सेपवरून. हो, तोच प्रिन्सेप, ज्याने अशोकाच्या शिलालेखांची ब्राह्मी वाचली! लिपी वाचणाऱ्याचं नाव दगडातल्या प्राण्याला मिळावं, हे मला तरी शोभून दिसतं.

आता वर्णन करायचं म्हणजे काय करायचं? प्राणी तर नाहीच. मऊ शरीर कधीच कुजून गेलं. हातात उरतं ते फक्त कवच, आणि पुष्कळदा तेही नाही, नुसता त्याचा साचा. मग उंची मोजायची, वेटोळी मोजायची, शेवटचं वेटोळं किती फुगलंय ते बघायचं, तोंडाचा आकार बघायचा. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरलं, तर बहुतेक शंखांचं तोंड उजव्या बाजूला येतं. फायसाचं डाव्या बाजूला येतं. म्हणजे ही गोगलगाय डावखुरी. गंमत अशी, की आपल्याकडे देवघरात मोलाने ठेवतात तो दक्षिणावर्ती शंख शास्त्राच्या भाषेत डावखुराच असतो. बघण्याची बाजू बदलली की नाव बदलतं.

पुढचा माणूस स्टीफन हिस्लॉप, नागपूरचा स्कॉटिश मिशनरी. त्याने रॉबर्ट हंटरच्या जोडीने नागपूरच्या आसपासचे, टाकळीसारख्या ठिकाणचे थर पिंजून काढले. १८६० साली त्याने बऱ्याच नव्या प्रजातींची वर्णनं छापली, आणि ती लॅटिनमध्ये. तीन वर्षांनी तो पुरात वाहून गेला. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं.

इथे खरा पेच आहे. हिस्लॉपने आपल्या गोगलगायींची तुलना युरोपातल्या इओसीन काळाच्या गोगलगायींशी केली आणि ठरवलं, की हे थर डायनोसॉर संपून बऱ्याच काळानंतरचे. वर-खालचा लाव्हाही मग त्याच काळातला! म्हणजे बघा, आख्ख्या पठाराचं वय एका बोटभर शंखाच्या वर्गीकरणावर टांगलेलं. पुढे पुष्कळ वर्षं या वयावर वाद चालला. दगडांचं वय किरणोत्सर्गी मूलद्रव्यांवरून मोजता येऊ लागलं, चुंबकत्वाचे पुरावे आले, आणि आज हा लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आसपासचा धरतात, म्हणजे ऐन डायनोसॉर संपले त्या वेळेचा. हिस्लॉपला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्याजवळ तुलनेला दुसरं होतं काय? पण शंख दिसायला सारखे म्हणून काळही एकच, हे गृहीत मात्र कच्चं होतं. तळ्यातली गोगलगाय कवचाचा आकार फार सहज बदलते.

गोगलगायीचं कूळही पक्कं राहिलं नाही. १९२० साली नेल्सन अ‍ॅनंडेल याने तिला फायसातून काढून बुलिनस या वंशात टाकलं. अलीकडचे लोक तिला प्लॅटीफायसा म्हणतात. दोन वंशांतला मुख्य फरक मऊ शरीरात असतो, आणि तेच हाती नाही! वंशाचं नाव बदललं तरी प्रिन्सेपी हा शब्द मात्र टिकतो. फक्त सोवर्बीचं नाव आता कंसात जातं. त्या कंसाचा अर्थ एवढाच, की वर्णन याचं, पण घर आता दुसरं.

आणि हे सगळं भांडण सोडवायचं कशावरून? मूळ नमुन्यावरून. ज्या शंखावरून वर्णन लिहिलं, तोच शंख त्या नावाचा कायमचा साक्षीदार. हिस्लॉपचे नमुने लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत. हार्टमन, एरिक्सन आणि बाक्केन यांनी २००८ साली त्याची ती लॅटिन वर्णनं पुन्हा वाचली, नमुन्यांशी ताडून पाहिली. टाकळी आता नागपूर शहराच्या पोटात गेली आहे. तिथल्या गोगलगायीचं नाव पक्कं करायचं, तर अजूनही लंडनमधला खण उघडावा लागतो.