तोतरेपणासाठी कानात घालायची यंत्रे

बोलताना अडखळणाऱ्या व्यक्तीला तिचाच आवाज किंचित उशिरा किंवा बदललेल्या पट्टीत ऐकवणारी, श्रवणयंत्रासारखी दिसणारी उपकरणे. प्रार्थना किंवा पाढे सर्वांबरोबर म्हणताना तोतरेपणा बहुतेकांच्या बाबतीत जवळजवळ नाहीसा होतो. सोबतीच्या आवाजाचा हाच परिणाम यंत्राने साधायचा असतो. 2001 मध्ये अमेरिकेतील ईस्ट कॅरोलिना विद्यापीठातील संशोधनातून आलेले ‘स्पीचईझी’ हे त्यांतले सर्वांत परिचित. प्रयोगशाळेत, विशेषतः मोठ्याने वाचताना, अशा यंत्रांचा परिणाम स्पष्ट दिसतो. पण 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 11 प्रौढांनी ‘स्पीचईझी’ सुमारे चार महिने रोजच्या व्यवहारात वापरले, तेव्हा संपूर्ण गटाच्या पातळीवर खात्रीलायक सुधारणा आढळली नाही. काहींना मात्र ते उपयोगी वाटले.

ही तफावत का पडते, हे पुण्याच्या कर्वेनगरात नीट समजते. तिथे महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचे कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय 1991 पासून आहे. तोंडी परीक्षा आणि नोकरीची मुलाखत तिथल्या विद्यार्थिनींना चुकत नाही. दोन्हींकडे पहिला प्रश्न नावाचा. इतर वेळी अवघड शब्द टाळून दुसरा वापरता येतो, नाव टाळता येत नाही. ‘प्रज्ञा’ म्हणायला ओठ मिटतात आणि तसेच अडकून राहतात. आवाजच फुटला नाही तर यंत्राने उशिरा ऐकवायचे काय? बोलणे सुरू झाल्यावर मदत करणारे साधन नेमके सुरुवातीलाच हात टेकते. शिवाय रस्त्यावरच्या गोंगाटात मायक्रोफोन हॉर्नही कानात ओततो. मोबाइलवरच्या फुकट ॲपने काम भागेल, असे कोणी म्हणेल. आजमावायला ते चांगलेच. मात्र बिनतारी इअरफोन स्वतःचा विलंब त्यात मिसळतो, म्हणून वायरचा घ्यावा. यंत्र म्हणजे लपवाछपवी, हा आक्षेप मला अन्यायाचा वाटतो. फोनवर एक वाक्य सुरळीत गेले, तरी ज्याचे त्याला ते मोलाचे असते. वाचा-उपचारतज्ज्ञाकडे जाणे मात्र त्याने टळत नाही आणि आधी वापरून पाहिल्याशिवाय महागडे यंत्र विकत घेऊ नये.

दिव्यांग हक्क कायदा, 2016 मधील वाचा-दिव्यांगत्वाच्या व्याख्येत तोतरेपणाचा नावाने उल्लेख नाही. त्यामुळे सवलत बरीचशी समोरच्याच्या समजुतीवर राहते. महाविद्यालयांनी तोंडी परीक्षेत अशा विद्यार्थ्यांना जादा वेळ देण्याचा लेखी नियम करावा आणि परीक्षकांनी त्यांचे वाक्य मध्येच पुरे करू नये.