कापणे की सोडवणे?

चंद्रपूरच्या मूल रोडवर ‘सेल’ या पोलाद कंपनीचा फेरो अलॉय कारखाना आहे. त्याचे जुने नाव ‘महाराष्ट्र इलेक्ट्रोस्मेल्ट’. नावावरून वाटावे, इथे वीज धातुक फोडत असेल. पण अशा भट्टीत मँगनीजच्या धातुकातला ऑक्सिजन काढून घेतो तो कोकमधला कार्बन. वीज फक्त उष्णता पुरवते. एसी विजेवर चालणाऱ्या भट्टीत तर कुठला इलेक्ट्रोड धनाग्र आणि कुठला ऋणाग्र, हेही ठरत नाही. गडचिरोलीत सुरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे. त्यातून लोखंड काढायलाही कार्बन पुरतो. ॲल्युमिनिअमचा ऑक्सिजन मात्र असा सहज सुटत नाही. तिथे वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये ॲल्युमिना विरघळवून वीज सोडावी लागते.

या क्रियेला दहावीच्या पुस्तकात ‘विद्युत अपघटन’ म्हणतात, मराठी विश्वकोशात ‘विद्युत् विच्छेदन’. विच्छेदन म्हणजे कापणे. मूळ ‘इलेक्ट्रोलिसिस’ या शब्दातले ग्रीक ‘लायसिस’ म्हणजे सोडवणे, सैल करणे. आता गंमत बघा: याच ‘लायसिस’चा संस्कृतातला भाऊबंद म्हणजे ‘लू’ धातू, आणि त्याचा अर्थ कापणे! ‘लवण’ शब्दही वैयाकरणांनी त्याच ‘लू’पासून साधला आहे. विश्वकोशकारांच्या मनात हे नसेलही, पण भाषेचा कौल तेवढ्यापुरता त्यांच्या बाजूने जातो.

रसायनाचा कौल वेगळा आहे. मीठ 801 अंश सेल्सिअसला वितळते. वितळताच सोडियम आणि क्लोरीनचे आयन हलायला मोकळे होतात. जागेवरून सोडवण्याचे काम उष्णतेने आधीच केलेले असते. मग विजेला कापायचे उरले काय? धन आयन ऋणाग्राकडे जातात, इलेक्ट्रॉन घेतात आणि सोडियम होतात. ऋण आयन धनाग्रावर इलेक्ट्रॉन सोडतात आणि क्लोरीन वायू होतात.

‘आयन’ म्हणजेच जाणारा. हा शब्द फॅरेडेने 1834मध्ये केंब्रिजच्या व्ह्यूएलच्या मदतीने रूढ केला. तो ग्रीक आहे खरा, पण त्याचा धातू आपल्या ‘इ’ म्हणजे जाणे या धातूचा सख्खा, आणि उत्तरायणातले ‘अयन’ याच ‘इ’पासून आलेले. योगायोग असा की फॅरेडेच्या डोळ्यांसमोरही सूर्यच होता: पृथ्वीच्या चुंबकत्वामागे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा विद्युतप्रवाह कल्पून त्याने सूर्य चढतो त्या बाजूला ‘ॲनोड’ म्हटले आणि उतरतो त्या बाजूला ‘कॅथोड’. आपण हे चढणे-उतरणे सोडून सरळ धनाग्र-ऋणाग्र केले. शिकणाऱ्याला तेच सोपे.

‘अपघटन’ मात्र परीक्षेच्या कागदावर ‘अपघात’ होऊन उतरण्याचा धोका आहे. तरी ‘घटन’ म्हणजे जुळणे आणि ‘अप’ म्हणजे दूर. जुळलेले दूर होणे एवढेच तो शब्द सांगतो, कोणी सुरी चालवली असे सुचवत नाही. वितळलेल्या मिठापुरता तरी पाठ्यपुस्तकाचा शब्द विश्वकोशाच्या शब्दापेक्षा नेमका आहे.