जुगाराचे साधन आणि जुगाराचा धनी

अंजनवेलीच्या गोपाळगडावर ज्येष्ठात उभे राहिले म्हणजे समुद्रावरून वाशिष्ठीच्या मुखाकडे पाऊस चालत येताना दिसतो. खालच्या शेतकऱ्याचे सारे वर्ष त्या पावसावर अवलंबून. याच पावसावर मुंबईत एके काळी पैजा लागत, आणि त्या पैजांनी सरकारी कायद्याची मोठी फजिती केली होती.

मुंबई सरकारने जुगारबंदीचा कायदा १८८७ साली केला. घरात चार स्नेही पत्ते कुटीत बसले, तर त्यांच्याशी या कायद्याला फारसे कर्तव्य नव्हते. त्याचा रोख अड्डा चालविणाऱ्यावर होता. जो जागा देतो, पट मांडतो, फासे पुरवितो आणि डावामागे नाल काढतो, तो मुख्य गुन्हेगार, खेळणारा दुय्यम. झडतीत जुगाराची साधने सापडली की ती जागा अड्डाच मानावी आणि तसे नसल्यास मालकाने सिद्ध करावे, अशीही तरतूद होती. म्हणजे सारा भार 'साधन' या एका शब्दावर.

तो शब्द दोनच वर्षांत डळमळला. ठरल्या वेळेत पर्जन्यमापकातून पाणी वाहील की नाही, यावर मुंबईत सट्टा चाले. खटला उच्च न्यायालयात गेला. पावसावरची पैज हा या कायद्यातला जुगार नव्हे आणि पर्जन्यमापक हे जुगाराचे साधन नव्हे, असा निर्णय १८८९ साली झाला. सरकारला १८९० साली कायदा दुरुस्त करून पाऊसही त्यात घालावा लागला!

एक पळवाट बुजवावी, तो दुसरी तयार. मुंबईत न्यूयॉर्कच्या कापसाच्या उघडत्या व बंद भावांवर आकडे लागू लागले. १९६० नंतरच्या दशकात ते भाव गेले आणि मटका आला. त्याला ना टेबल लागे, ना फासे. कागदाची चिठ्ठी पुरे. गिरणगावात रत्नागिरी जिल्ह्याचे असंख्य चाकरमानी होते. त्यांच्या मनीऑर्डरीवर गावाकडच्या चुली पेटत. आकड्यावर लावलेला रुपया त्या मनीऑर्डरीतूनच वजा होई.

यंत्रांची आणि टेबलांची कथा निराळी. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोंना परवाने देणारा कायदा केला. तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ साली रद्द झाला. शेजारच्या गोव्याने मात्र १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना मुभा दिली, आणि पुढे जहाजांवर टेबले मांडू दिली. तेथे नाल घेण्यात सरकारही वाटेकरी झाले.

आता साधन प्रत्येकाच्या खिशात आहे. म्हणून २०२५ साली संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा वादच त्याने बाजूस सारला. चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. नुसत्या खेळणाऱ्यास शिक्षा नाही.

एवढ्या वर्षांच्या धावाधावीतून आम्हांस एकच गोष्ट टिकलेली दिसते. साधने बदलतात, नाल काढणारा धनी बदलत नाही. आणि कायद्याने त्याच्यावरची नजर काढली की तो फसतो. अंजनवेलीचा शेतकरीही दर वर्षी पावसावर पैज लावतोच. पण त्याच्या हरण्यावर कोणी नाल काढीत नाही, आणि तो जिंकला तर शेजाऱ्याचीही कणगी भरलेली असते.