ताबा गेला, हक्क उरला

हक्क कागदोपत्री शाबूत राहावा आणि ज्या वस्तूवर तो चालवायचा ती वस्तूच हातून निघून जावी, हा प्रकार महसूल खात्यात हयात घालविलेल्या आमच्या वाचकांस नवा नाही. सात-बाराच्या उताऱ्यावर नाव एकाचे आणि शेतात नांगर दुसऱ्याचा, अशी प्रकरणे त्यांनी कितीतरी निकालात काढली असतील. संगणकाच्या अल्प इतिहासातही असेच एक प्रकरण घडले आहे. आपली टिपणे, टपाल आणि हिशेब आता कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरवर असतात. तेव्हा त्या प्रकरणाशी आपला संबंध नाही असे म्हणता येणार नाही.

त्याचा आरंभ १९८० च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झाला, आणि तोही कागद अडकणाऱ्या एका छपाईयंत्रावरून. झेरॉक्स कंपनीने प्रयोगशाळेस एक लेझर छपाईयंत्र दिले होते. आधीच्या यंत्रात कागद अडकला की ज्यांचे काम खोळंबले त्यांस तशी सूचना जावी, अशी सोय रिचर्ड स्टॉलमन या तरुणाने त्या यंत्राच्या आज्ञावलीत फेरफार करून केली होती. नव्या यंत्राबरोबर माणसास वाचता येईल अशी मूळ आज्ञावली आलीच नाही. दुसऱ्या एका विद्यापीठातील गृहस्थांजवळ तिची प्रत होती. स्टॉलमन त्यांच्याकडे गेले. परंतु ती कोणासही न देण्याच्या कराराने आपण बांधलेले आहोत, असे सांगून त्यांनी नकार दिला. गोष्ट तशी क्षुल्लक. यंत्र आपल्या दारी, बिघाड आपल्या डोळ्यांसमोर, दुरुस्तीची अक्कलही आपल्यापाशी, आणि तरीही हात बांधलेले! ही अवस्था त्या माणसाच्या मनास जी लागली ती कायमची.

२७ सप्टेंबर १९८३ रोजी स्टॉलमन यांनी 'ग्नू' या नावाने एक संपूर्ण मुक्त संगणकप्रणाली लिहिण्याचा संकल्प जाहीर केला आणि पुढील जानेवारीत संस्थेची नोकरी सोडली. मुक्त म्हणजे फुकट नव्हे, हे ते तेव्हापासून सांगत आले आहेत. आज्ञावली हवी तशी चालविणे, ती वाचून तीत बदल करणे, तिच्या प्रती दुसऱ्यास देणे आणि सुधारलेली प्रतही वाटणे, एवढी मोकळीक वापरणाऱ्यास असली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. १९८९ साली त्यांनी 'जनरल पब्लिक लायसन्स' हा परवाना सिद्ध केला. त्यातील युक्ती कायदेपंडितांनीही दाद द्यावी अशी आहे. कॉपीराइटचा कायदा प्रती काढण्यास मनाई करण्यासाठी झाला. स्टॉलमन यांनी त्याच कायद्याच्या बळावर अशी अट घातली की, जो कोणी या आज्ञावलीची प्रत दुसऱ्यास देईल त्याने मूळ आज्ञावलीही दिली पाहिजे आणि स्वतःस मिळालेली मोकळीक पुढच्यास नाकारता कामा नये. कुलूप ज्याने लावले त्याच्याच किल्लीने दार उघडे ठेवण्याचा हा प्रकार होता. १९९२ मध्ये लिनक्सचा गाभाही याच परवान्याखाली आला.

तथापि या सगळ्या इमारतीचा पाया 'प्रत देणे' या दोन शब्दांवर होता. १९८९ मध्ये आज्ञावली वापरायची म्हणजे तिची प्रत आपल्या यंत्रावर असणार, हे गृहीतच होते. पुढील दहा वर्षांत ते गृहीत ढासळले. पत्रे पाठविणे, शोध घेणे, हिशेब ठेवणे ही कामे कंपनीच्या यंत्रावर होऊ लागली आणि आपल्या पडद्यावर येऊ लागला तो केवळ त्यांचा परिणाम. मुक्त आज्ञावली घ्यावी, तीत मनाजोगा बदल करावा, स्वतःच्या सर्व्हरवर ती लाखो लोकांसाठी चालवावी आणि बदल मात्र आपल्याजवळच ठेवावा, यास परवान्याची काहीच आडकाठी नव्हती. यात कोणी लबाडी केली असे आम्ही म्हणणार नाही. प्रत दिलीच नाही, म्हणून अटही लागू झाली नाही, इतकेच.

ही फट बुजविण्याचा पहिला यत्न मार्च २००२ मध्ये झाला. हेन्री पूल यांच्या अफेरो या कंपनीसाठी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या संमतीने जुन्या परवान्यात एक कलम घालण्यात आले: मूळ आज्ञावली उतरवून घेण्याची सोय वापरणाऱ्यांसाठी ठेवलेली असेल, तर ती मागाहून कोणास काढून टाकता येणार नाही. पुढे परवान्याची तिसरी आवृत्ती घडत असता हे कलम त्यात सामावण्यास विरोध झाला. अखेर जून २००७ मध्ये ती आवृत्ती त्यावाचूनच निघाली आणि नोव्हेंबरात अफेरोचा परवाना निराळा प्रसिद्ध झाला. त्याच्या तेराव्या कलमान्वये, बदललेली आज्ञावली जाळ्यावरून वापरावयास देणाऱ्याने ती वापरणाऱ्या प्रत्येकास मूळ आज्ञावली मिळण्याची सोय केली पाहिजे.

एवढ्याने प्रश्न सुटला काय? नाही, असे स्वतः स्टॉलमन यांनीच २०१० मधील एका लेखात बजाविले. दुसऱ्याच्या सर्व्हरवर चालणारी आज्ञावली आपणांस अक्षरन् अक्षर वाचावयास मिळाली, तरी ती बदलण्याची आणि बंद करण्याची कळ त्याच्याच हाती राहते. उताऱ्याची नक्कल मिळाली म्हणून कब्जा मिळत नाही, तशातली ही गोष्ट. तत्पूर्वीच, जुलै २००९ मध्ये, ॲमेझॉन कंपनीने ग्राहकांनी विकत घेतलेल्या दोन पुस्तकांच्या प्रती त्यांच्या किंडलवरून परभारे पुसून टाकल्या होत्या. विक्रेत्यास ती विकण्याचा हक्क नव्हता, हे कारण खरे होते. पैसेही परत केले गेले आणि कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली. पुस्तकांपैकी एक जॉर्ज ऑर्वेलचे '१९८४' होते, हा योगायोग कोणत्याही विनोदी लेखकास सुचला नसता.

आपल्या देशातील उदाहरण याहून गंभीर आहे. १८ जुलै २०२५ रोजी युरोपीय संघाने रशियाविरुद्ध जाहीर केलेल्या निर्बंधांत गुजरातेतील वाडीनार येथे तेलशुद्धीकरणाचा कारखाना चालविणाऱ्या नायरा एनर्जीचे नाव आले; तिचे ४९ टक्क्यांहून थोडे अधिक भाग रशियाच्या रॉसनेफ्टकडे आहेत. लगोलग मायक्रोसॉफ्टने तिची सेवा थांबविली. कंपनी भारतातली, सेवा देणारा अमेरिकेचा, निर्बंध युरोपचे. आणि टपाल बंद पडले ते येथील कर्मचाऱ्यांचे. आपण परवान्याचे पैसे पुरते भरले आहेत, असे सांगत नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. महिनाअखेर सुनावणीपूर्वीच सेवा पूर्ववत झाली, दावा मागे घेतला गेला, आणि मूळ प्रश्नाचा निवाडा झालाच नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात केंद्र सरकारच्या सुमारे बारा लाख कर्मचाऱ्यांचे टपाल झोहो या तमिळनाडूतील कंपनीच्या व्यवस्थेवर नेल्याचे वृत्त आले. परकी कळ दाबली जाण्याचे भय त्याने कमी होते, हे उघड आहे. परंतु झोहोची आज्ञावली मुक्त नाही. स्वदेशी आणि मुक्त हे दोन शब्द सरकारी टिपणांत हल्ली एकमेकांच्या जागी पडू लागले आहेत, ते आम्हांस खटकते. केंद्र सरकारच्या २०१५ च्या धोरणात शब्दांचा असा घोटाळा नव्हता. निविदा मागविताना मुक्त आज्ञावलीचा विचार झाला पाहिजे, आणि ती नको असेल तर पुरवठादाराने कारण द्यावे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. ते कारण फायलीत कोणत्या शब्दांत नोंदले जाते, हे आमच्या वाचकांपैकी जे निविदांच्या कामावर आहेत, त्यांस आमच्याहून अधिक ठाऊक असेल.