बाई, तो ज्वालामुखी गेला कुठं?

वाईच्या शाळेत मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. दख्खनचं पठार लाव्ह्याचं, हा धडा दरवर्षी यायचा. वर्गाच्या खिडकीतून पांडवगड दिसायचा, त्यामुळे फळ्यावर चित्र काढायची कधी गरज पडली नाही. कड्याच्या आडव्या थरांकडे बोट दाखवलं की झालं. एका वर्षी मागच्या बाकावरून एका पोराने विचारलं, "बाई, एवढा लाव्हा ओतला, मग तो ज्वालामुखी गेला कुठं?" मी पुस्तकातलं उत्तर दिलं, की आपल्याकडे शंकूसारखा डोंगर नव्हता, भेगांतून लाव्हा वर आला. पोरगं खाली बसलं. त्याचं समाधान झालं नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

निवृत्त झाल्यावर सवडीने वाचलं तेव्हा कळलं, की सरकलो आपण. खालची भट्टी जवळपास होती तिथेच राहिली आणि भारताचा तुकडा तिच्यावरून उत्तरेला गेला. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तिने आपले कडे रचले. पुढे लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस असा तिचा माग समुद्रात उमटत गेला, आणि आज ती रेयुनियों बेटाखाली धुमसते आहे. वरच्या डोंगराचं नाव पितों द ला फुर्नेझ, म्हणजे भट्टीचं शिखर. उंची २६३२ मीटर. सरासरी काढली तर वर्षाकाठी एखादा उद्रेक ठरलेला.

तेव्हा आता तिकडे जायचं ठरवलं आहे. भाचा मॉरिशसला नोकरीला आहे, तिथून विमानाने पाऊण तास. त्याने बेटाचा मोठा नकाशा पाठवला, तो जेवणाच्या टेबलावर पसरला आणि चष्मा लावून बसले. मुक्काम कुठे, वाट कुठली, एवढंच बघायचं होतं. पण नकाशा वाचायची खोड जात नाही. दुपारभर नावंच वाचत राहिले.

बेटावर मुळात माणूस नव्हता. सतराव्या शतकात फ्रेंच आले, मागोमाग मादागास्कर आणि आफ्रिकेतून गुलाम आणले गेले, कॉफीचे मळे उठले. मळ्यांतून पळालेले गुलाम बेटाच्या पोटातल्या खोल, कडेबंद दऱ्यांत जाऊन राहिले. आपल्याकडे जावळीचं खोरं जसं अडचणीचं, त्याच्या कितीतरी पट अवघड जागा. त्यातल्या एकीचं नाव माफात, हे तिथे राहणाऱ्या एका फरारी म्होरक्याचं नाव. फ्रांस्वा म्युसार नावाच्या माणसाच्या टोळीने त्याला मारलं. गुलाम हुडकून मारणं हाच या म्युसारचा धंदा होता. दुसरी दरी सिलाओस. मालागासी भाषेत त्याचा अर्थ सोडून जाऊ नये अशी जागा, असं सांगतात. ज्वालामुखीकडे जाणारा रस्ता ज्या माळावरून चढतो तो प्लेन दे काफ्र, काफ्र्यांचा माळ. हा शब्द मराठीला नवा नाही. कोकणातल्या जुन्या माणसांच्या तोंडी काफ्री सहज असायचा.

या माळापर्यंत पळून आलेल्यांची नावं आहेत. वर चढू लागलं, की साहेबांची सुरू होतात.

पहिलं बेलकोंब. हा गव्हर्नर. १७६८ साली त्याच्या काळात एक मोहीम ज्वालामुखीच्या बाहेरच्या कड्याशी येऊन थांबली. खाली काळ्या लाव्ह्याचं विस्तीर्ण मैदान, मधोमध शिखर आणि उतरायला वाट नाही. शेवटी वाट काढली ती एका गुलामाने, इनामाच्या आशेने, अशी हकिकत बेटावर सांगतात. त्या खिंडीला पा द बेलकोंब म्हणतात. आज तिथे मोटारतळ आहे आणि कड्यावरून उतरायला पाचशेहून जास्त पायऱ्या. मी एका कागदावर "पायऱ्या ५०० +, परतताना चढ" असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

मग कोमेर्सों. हा वनस्पतिशास्त्रज्ञ १७७१ साली आला. त्याच्या नावाचं एक विवर रस्त्यालगत आहे. तिथे २००७ च्या फेब्रुवारीत गामेद चक्रीवादळात ४ दिवसांत ४८६९ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. महाबळेश्वरच्या पावसाळ्याचा आम्हा वाईकरांना केवढा अभिमान, आणि इथे तो जवळजवळ सगळा चार दिवसांत पडून मोकळा. छत्री न्यावी की नाही, हा प्रश्न मी तिथेच सोडून दिला.

कोमेर्सोंबरोबर सोळा वर्षांचा एक मुलगा होता, लिस्ले जोफ्रुआ. बाप फ्रेंच इंजिनियर, आई नियामा आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेली. हा पुढे नकाशे काढणारा झाला, या बेटाचे आणि मॉरिशसचेही. १७८६ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने त्याला आपला वार्ताहर-सभासद केलं. आज साँ-दनी शहरात त्याच्या नावाची शाळा आहे. या साऱ्या मंडळींत मला कुणाशी बोलायला मिळालं असतं, तर मी त्याच्याशी बोलले असते. खिंड शोधणाऱ्या गुलामाच्या नावाऐवजी गव्हर्नरचं नाव नकाशावर लिहिताना हात अडखळतो का, एवढंच विचारलं असतं.

१८०१ मध्ये बोरी द साँ-व्हेंसाँ आला. वय तेवीस. ऑस्ट्रेलियाकडे निघालेल्या मोहिमेतून तब्येतीच्या कारणाने मॉरिशसला उतरला आणि त्या सुटीचं सोनं केलं. त्याचं सामान गुलामांनी वाहिलं. पॅरिसने १७९४ मध्येच गुलामगिरी रद्द केली होती, पण इथल्या मळेवाल्यांनी तो हुकूम बेटावर लागूच होऊ दिला नाही. सुटका झाली ती १८४८ च्या २० डिसेंबरला. शिखरावरच्या दोन विवरांपैकी एकाचं नाव बोरी. दुसरं, मोठं, दोलोम्यू. हा दोलोम्यू नामांकित भूगर्भशास्त्रज्ञ खरा, पण या बेटावर त्याने पाऊलही ठेवलं नाही. ओझं वाहून वर गेले त्यांचं काय, असं मनात येतं.

गुलामगिरी गेल्यावर उसाच्या मळ्यांत मजूर आले ते मुख्यतः तमिळ मुलखातून. कोकणातली माणसं शेजारच्या मॉरिशसला गिरमिटावर गेली आणि तिथे अजून मराठी घरं आहेत. रेयुनियोंला मात्र आपलं कुणी आलं, ते वेगळ्याच कामाला: १८०९ मध्ये इंग्रजांनी साँ-पॉल बंदरावर छापा घातला, तेव्हा त्या तुकडीत मुंबई इलाख्याच्या फौजेतले शिपाई होते. ते डोंगराकडे फिरकले नसणार.

राष्ट्रीय उद्यान अगदी अलीकडचं, ५ मार्च २००७ चं. बेटाची चाळीस टक्क्यांहून जास्त जमीन त्यात आली. फेब्रुवारीत तो पाऊस, मार्चमध्ये उद्यान, आणि एप्रिलमध्ये डोंगराने दोलोम्यू विवराचा तळच गिळला. काही दिवसांत तो ३०० मीटरहून खाली बसला. सरकारी कागदावरची शाई वाळायच्या आत.

आता तयारीचं. पावसाळा टाळून ऑक्टोबर ठरवला आहे. सकाळी नऊ-दहाला ढग चढतात, म्हणून खालच्या गावातून पहाटे चारला निघायचं. माळावरच्या बूर-म्युरा गावात वेधशाळा आहे. तिथल्या यंत्रांना जमीन हलल्याची चाहूल लागली, की आतल्या मैदानाचं फाटक बंद होतं. भाच्याला त्याचीच काळजी. "मावशी, एवढ्या लांब येशील आणि फाटक बंद असलं तर?"

बंद असलं तर बेलकोंबच्या खिंडीत कठड्याला टेकून उभी राहीन आणि समोर काय चाललंय ते बघेन. पायऱ्या तरी वाचतील. आणि त्या पोराचा, आता तो साताऱ्याला वीजमंडळात आहे, फोन नंबर मी शोधून ठेवला आहे.